लाईट लागतीये, आवाज नाही

माननीय संपादक साहेब, नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. कापायचं असलं तर बिनधास्त कापा, फक्त वायरीचा भाग कापू नका, सगळी मेख त्या वायरीतच आहे.

मी मिरजेत राहतो. एसटीच्या स्टोअरमधनं रिटायर झालो आणि रिटायर माणूस करतो तसं एक खूळ डोक्यात घेतलं, गाणं शिकायचं. मास्तर म्हणाले पहिलं वर्षभर दुसरं काही नाही, पहाटे उठा आणि खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला सूर, लावा. आता खर्ज लावायचा तर तंबोरा पाहिजे, आणि आमचं गाव म्हणजे तंबोऱ्याचंच गाव, सतारमेकर गल्लीत भोपळे रचलेले दिसतात, २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनसुद्धा मिळालं. पण तंबोरा नुसता विकत घेऊन भागत नाही हो, तो जुळवता यायला पाहिजे, घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा असतो तो केसभर इकडंतिकडं झाला की सगळा आवाज बदलतो, ते माझ्यासारख्याचं काम नाही. म्हणून मी कॉम्प्युटरवर तंबोऱ्याचं सॉफ्टवेअर लावतो आणि समोर बसतो. तंबोऱ्याच्या गावात कॉम्प्युटरचा तंबोरा, शेजारचे हसतात, हसू देत.

यासाठी माझ्याकडं दोन छोटे स्पीकर आणि खाली टेबलाच्या पायाशी एक मोठा वूफर असा सेट आहे, टू पॉइंट वन म्हणतात तो. तेरा-चौदा वर्षं झाली घेऊन. माझा सूर काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), त्याचा खर्ज म्हणजे साधारण ६९ हर्ट्झ, सेकंदाला ६९ कंपनं, हे मुलानं मोबाईलवर मोजून दाखवलं. एवढा खालचा आवाज त्या तीन इंची छोट्या डब्यातनं निघतच नाही, तिथं डास गुणगुणल्यासारखं ऐकू येतं, त्याला वूफरच लागतो. तेव्हा वूफर गेला की माझी पहाट गेली असं समजा.

तर गणपतीच्या आधीच्या सोमवारी पहाटे नेहमीसारखा बसलो, बटण दाबलं, वूफरची निळी लाईट लागली, स्क्रीनवर तंबोऱ्याचं चित्र हलतंय, आणि आवाज काहीच नाही. व्हॉल्यूम वाढवला, नाही. कॉम्प्युटर बंद-चालू केला, नाही. वूफरला एक थापटी मारून बघितली, आमच्या पिढीचा पहिला उपाय तोच, तरी नाही.

मुलाला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला ड्रायव्हर गेला असेल, म्हणजे साऊंड चालवणारा कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम. मग फोनवर एक कान आणि माऊसवर एक हात असा दीड तास गेला, डिव्हाइस मॅनेजर उघडा, साऊंडवाली ओळ शोधा, अनइन्स्टॉल करा, रिस्टार्ट करा, विंडोज तो ड्रायव्हर आपोआप परत टाकतं ते टाकलं, मग सर्व्हिसेस नावाची एक भलीमोठी यादी उघडा आणि त्यात विंडोज ऑडिओ बंद करून चालू करा, तेही केलं. शून्य. त्याची मीटिंग होती, तो गेला. मी आपला बसलो लाईटकडं बघत.

मग मला वाटलं आपण हुशारी करावी. म्हटलं दोष कॉम्प्युटरचा का स्पीकरचा ते तरी कळू दे, म्हणून सेटची पिन कॉम्प्युटरमधनं काढली आणि माझ्या जुन्या मोबाईलला लावली (नवीन मोबाईलला ते भोकच नसतं आता). मोबाईलवर अभंग लावला, तरी स्पीकर गप्प. झालं, स्पीकरच गेले, कॉम्प्युटर ठणठणीत आहे असं मी ठरवून टाकलं. इथं माझं दोन्ही साफ चुकलं, ते पुढं येईलच.

वूफर पोत्यात घातला, गाडीवर पायाशी ठेवला आणि बाजारातल्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. दुकानदारानं सेट बोर्डाला लावला, निळी लाईट लागली, माझ्याच वायरीनं स्वतःचा मोबाईल जोडला, आवाज नाही. अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "काका, आयसी गेली. ह्याचा माल आता येत नाही, रिपेर कोण करत नाही, आणि केलं तरी टिकत नाही." (आयसी म्हणजे आवाज मोठा करणारी आतली चिप.) आणि समोर एक लांबडा साऊंडबार ठेवला, साडेतीन हजार, तुमच्यासाठी बत्तीसशे, ब्लूटूथ आहे, वायरीची कटकट नाही. मी जवळजवळ खिशात हात घातला होता. खोटं कशाला बोलू, त्याच्यावरची लाईट रंग बदलते ते मला आवडलंही होतं.

आता गंमत ऐका. त्याच दुकानात त्या माणसाच्या डोक्याच्या अगदी मागं, खिळ्याला, प्लास्टिकच्या पिशवीत एका टोकाला एक काळी पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना अशा दहा-बारा वायरी टांगलेल्या होत्या. माझं औषध ते होतं. त्यानं मागं वळून एक वायर काढून लावून बघितली असती तर दहा सेकंदांचं काम होतं. लबाडी होती का आळस होता देव जाणे, मला वाटतं आळसच जास्त. बत्तीसशे समोर दिसत असताना ऐंशी रुपयांकडं कोण वळून बघणार.

साऊंडबार घेतला नाही तो आमच्या मंडळींच्या फोनमुळं. ती म्हणाली काहीही घेऊ नका, आधी मामांना दाखवा. हे मामा म्हणजे रेडिओ-टेपचे जुने मेकॅनिक, एका बोळात आठ बाय दहाची खोली, आत शिरलं की सोल्डरच्या राळेचा वास, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर लोकांचे मेलेले डेक, मिक्सर, स्पीकर. वय सत्तरच्या पुढं. त्यांनी पोतं सोडायच्या आधी विचारलं, "शेवटचं कधी वाजलं हे?"

म्हटलं, रविवारी पहाटे.

"मग रविवारी घरात काय झालं?"

मी म्हटलं काही नाही, मुलगा आलेला, त्यानं त्याचा एक मॉनिटर आणला होता तो बसवला, टेबल पुढं ओढलं, झाडलं, परत मागं सारलं. मामा नुसतं "हं" म्हणाले. डॉक्टर नाही का विचारत, काल काय खाल्लं, तसला तो "हं".

मग त्यांनी जे केलं ते मी पहिल्यांदाच बघितलं आणि त्यासाठीच हे पत्र लिहितोय. वूफरच्या मागं ती लाल-पांढरी पिन जिथं लागते तिथनं वायर काढून टाकली. सेट चालू ठेवला, व्हॉल्यूम निम्म्यावर. आणि बारक्या स्क्रूड्रायव्हरच्या लोखंडी दांड्याला बोट टेकवून त्याचं टोक त्या लाल खोबणीच्या मधल्या भोकाला लावलं. घूंऽऽऽ. सगळी खोली घुमली, छोट्या स्पीकरमधनंही आणि वूफरमधनंही. पांढऱ्या खोबणीला लावलं, परत घूं. म्हणाले, "ऐकलं? ही आपल्या घरातली लाईन. पन्नास सायकलची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची. ती सगळ्या हवेत असते, आपल्या अंगात उतरते, तीच तुमचा वूफर गातोय. आयसी गेलेली असती तर हे गायलं असतं का?"

मग वायर परत जोडली आणि आता दुसऱ्या टोकाला, म्हणजे कॉम्प्युटरला जी पिन जाते तिच्या टोकाला बोट लावलं. सगळं गप्प. बोट तेच, वूफर तोच, मधे फक्त दीड मीटर वायर वाढली आणि घूं गेलं. मला एकदम लख्ख कळलं, कुणी शिकवायला नको. मीटर लावून खात्री केली, टोक ते टोक पीप वाजायला पाहिजे ते वाजलं नाही. मग ब्लेडनं पिनेच्या मानेपाशी रबर चिरून दाखवलं, आत तांब्याचे केस तुटून काळेहिरवे पडलेले. टेबल मागं सारताना पिन भिंतीला दाबून वाकली होती. खरं म्हणजे ती आधीच मरायला टेकलेली, दोन महिने एक बाजू मधेच जायची आणि वायर हलवली की यायची, मी हलवत होतो आणि वाजवत होतो. रविवारी टेबलानं शेवटचा धक्का दिला.

आणि दुकानदाराची आणि माझी चूक सेम होती बघा. दोघांनी मोबाईल लावला तो त्याच तुटक्या वायरीनं. मोबाईल बदलला, वायर तीच, आणि दोष स्पीकरच्या नावावर.

मामांनी मग माझ्या आग्रहाखातर वूफर उघडून दाखवला, मागचे चार-सहा स्क्रू काढले. आत एक ट्रान्सफॉर्मर, चार बारके डायोड, वीज साठवणारे दोन डबीएवढे उभे कंडेन्सर, आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीला चिकटलेल्या टीडीए २०३० नावाच्या आयसी. सेटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय ३००० वॉट पीएमपीओ, मी ते इतकी वर्षं अभिमानानं सांगत होतो. मामांनी ट्रान्सफॉर्मरवरचं वाचायला लावलं, १२ व्होल्ट २ अँपिअर. "गुणा." बारा दुणे चोवीस. "आता मागनं चोवीस वॉट येतात आणि पुढनं तीन हजार जातात, हे मशीन गव्हर्मेंटला द्या, लोडशेडिंग संपेल." मी गप्प बसलो. (नवीन घेणाऱ्यांनी आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, लिहिलेला आकडा बघावा, पीएमपीओ म्हणजे नुसता डोळे दिपवायचा आकडा.)

शेजारच्या फळीवरचा दुसऱ्या कुणाचा तरी सेट दाखवला, त्यातल्या एका कंडेन्सरचं डोकं भाकरीसारखं फुगलेलं. तसं झालं की काही न लावताही सारखी भुणभुण येते, ती जराशी वरच्या सुरात असते, शंभर सायकलची, बोटाच्या घूंपेक्षा वेगळी. मामांना कानानं कळतं. मला आता थोडं थोडं कळायला लागलंय, खर्जाचा तेवढा फायदा.

वायरीचे ऐंशी घेतले, तपासणीचे काही घ्यायला तयार नाहीत, शेवटी चहा पाजला.

आता तुम्हाला वाटेल संपलं. मलाही वाटलं. घरी आलो, नवी वायर लावली, टेबल हातभर पुढंच ठेवलं, तंबोरा लावला. आवाज नाही.

संपादक साहेब, त्या क्षणी मला तो साऊंडबार परत आठवला. मामांवरही संशय आला, म्हातारा माणूस, काहीतरी राहिलं असेल. पण मामांचंच डोकं वापरायचं ठरवलं. नव्या वायरीनं जुना मोबाईल जोडला, अभंग खणखणीत सुरू झाला, वूफरसकट. म्हणजे मोबाईल ते स्पीकर सगळं नीट. मग मोबाईलचा इयरफोन घेतला आणि कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकात घातला, कानाला लावला. सामसूम. म्हणजे कॉम्प्युटरसुद्धा आवाज देत नव्हता. दोन रोग एकाच वेळी होते! म्हणून तर सकाळपासून काहीही केलं तरी फरक दिसत नव्हता. मुलानं सांगितलेलं बरोबर असतं तरी वायरीमुळं कळलं नसतं आणि वायर बदलली तरी कॉम्प्युटरमुळं कळलं नाही.

मग परत मामांचा प्रश्न, रविवारी काय झालं? मॉनिटर आला. जुना मॉनिटर निळ्या व्हीजीए पिनेवर होता, त्या वायरीतनं फक्त चित्र जातं. नवीन मॉनिटर एचडीएमआयवर आहे आणि एचडीएमआयमधनं चित्राबरोबर आवाजही जातो. विंडोजला वाटलं घरात नवीन पाहुणा आलाय, आवाज त्यालाच देऊ. पण ह्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! म्हणजे माझा तंबोरा चोवीस तास मॉनिटरच्या पोटात वाजत होता आणि कुणालाच ऐकू येत नव्हता.

खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ स्पीकरचं चित्र असतं, त्यावर क्लिक केलं, वर मॉनिटरच्या कंपनीचं नाव दिसत होतं, सकाळपासून दिसत असणार, वाचलं कुणी? विंडोज टेनमधे त्या नावावरच क्लिक केलं की खाली यादी उघडते, इलेव्हनमधे आवाजाच्या पट्टीच्या उजवीकडं एक बारकं चिन्ह आहे तिथं ती यादी असते. यादीत स्पीकर्स, रिअलटेक (कॉम्प्युटरमधल्या साऊंडच्या चिपची कंपनी) असं होतं ते निवडलं. आणि आला बघा. सा. डोळ्यात पाणी आलं म्हणणार नाही पण उभा राहिलो खुर्चीवरनं.

पण डास! खर्ज नाही, नुसतं गुणगुण. आता तिसरं काय? ते दोन मिनिटांत सापडलं, वूफरच्या मागं बेसचं गोल बटण असतं ते पार शून्याला फिरलेलं, रविवारी झाडताना फडक्यानं फिरलं असणार. मंडळी म्हणतात मी फिरवलं नाही. असो. घरात शांतता पाहिजे.

आता हे सगळं पेपरला का कळवतोय. तुमच्या पेपरात रोज राशिभविष्य असतं, रोज सुडोकू, बुधवारी पाककृती, शनिवारी घराच्या सजावटीचं पान. मी सगळं वाचतो, तक्रार नाही. पण घरातली वस्तू बंद पडली तर फेकायच्या आधी काय बघायचं, ह्याचं एक चौकोनी सदर आठवड्यातनं एकदा का नाही? दोनशे शब्द. मिक्सर फिरत नाही, गॅसची शेगडी पिवळी जळते, इस्त्री तापत नाही, स्पीकर बोलत नाही. मामांसारखी माणसं गावोगाव आहेत, त्यांच्याकडं तुमचा एखादा पोरगा पाठवा, वही घेऊन बसेल, वर्षभराचा मजकूर मिळेल. आणि ही माणसं अजून किती दिवस बसणार आहेत दुकान उघडून, मामांचा मुलगा बँकेत आहे.

नमुन्यादाखल स्पीकरचं मीच सांगतो, मामांकडं त्यानंतर दोन-तीन दुपारी बसून जे ऐकलं ते. पहिलं लाईट बघा. लाईटच लागत नसेल तर गोष्ट वेगळी, मग बोर्ड, प्लग, मागचं स्विच, आणि फ्यूज. काही सेटना टेबलावर ठेवायचा वायरवाला रिमोट असतो, त्याची वूफरमधली पिन जरा सैल झाली तर अख्खा सेट मेल्यासारखा पडतो, कारण चालू-बंदचं बटण त्याच रिमोटात असतं. लाईट लागते आणि बोटानं घूं येतं, तर वूफर निर्दोष, पुढं वायर आणि कॉम्प्युटर बघा. लाईट लागते आणि घूं येत नाही, तरच आतली भानगड, तेव्हाच मेकॅनिक. एक मात्र, बोट लावायचं ते आवाज आत येणाऱ्या त्या लाल-पांढऱ्या खोबणीलाच, खोकं उघडून आत नाही, आत २३० व्होल्ट असतात आणि कंडेन्सर प्लग काढल्यावरही थोडा वेळ भरलेला राहतो.

एक बाजूचा छोटा स्पीकर बंद असेल तर डावा-उजवा मागं अदलाबदल करा. दोष स्पीकरबरोबर गेला तर स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा, जागेवरच राहिला तर वूफरच्या आतला किंवा कॉम्प्युटरकडनं येणाऱ्या वायरीचा. हे इतकं सोपं आहे की सांगायला लाज वाटावी पण मामांकडं निम्मे सेट येतात ते हे न करताच.

ज्या सेटला पुढं हेडफोनचं भोक असतं त्यात अजून एक मजा. हेडफोन घातला की स्पीकर बंद व्हावेत म्हणून आत एक पत्र्याची बारकी पट्टी असते, ती सरकून बाजूला होते. वर्षानुवर्षं धूळ बसली की ती पट्टी परत जागेवर चिकटत नाही, सेटला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे. त्यात पिन आठ-दहा वेळा घालूनकाढून बघायची, एवढ्यावर बरेच सेट बोलायला लागतात. आणि व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येत असेल तर बटणाच्या आतली कार्बनची पट्टी मळलीये, मशीन बंद करून पाच-पन्नास वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, नाही जमलं तर काँटॅक्ट क्लीनरचा फवारा. डब्ल्यूडी-४० म्हणजे गंजावरचं तेल, ते यात मारू नका, मी मारणार होतो.

कॉम्प्युटरच्या मागं भोकांची रांग असते, त्यात पोपटी हिरवं ते स्पीकरचं, गुलाबी माईकचं, फिक्कं निळं बाहेरनं आवाज आत घ्यायचं. हे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलनं पीसी ९९ नावाच्या नियमावलीत ठरवून दिले तेव्हापासून तसेच आहेत, पण टेबलाखाली अंधारात वाकून घालताना हिरवं आणि निळं सारखंच दिसतं. टॉर्च घ्या. आणि पिन घातल्यावर स्क्रीनवर "काय जोडलंत?" असं कधीकधी विचारतं तेव्हा घाईत माईक दाबू नका, मग हिरव्या भोकातनंही आवाज येत नाही.

साऊंडच्या जुन्या खिडकीत (विंडोजचं बटण आणि आर दाबून, मुलगा सांगतो तसं mmsys.cpl असं इंग्रजीत टाइप करायचं) सगळ्या आवाजाच्या मशीनची यादी असते आणि प्रत्येकापुढं एक उभी पट्टी. गाणं लावलं की जिच्यापुढची पट्टी हिरवी हलते, आवाज तिकडं चाललाय. मॉनिटरपुढं हलत असेल तर माझी केस. स्पीकरपुढं हलतीये आणि तरी ऐकू येत नाही तर वायर धरा. पट्टी हलली म्हणजे पत्र पोस्टाच्या पेटीत पडलं, घरी पोचलं असं नाही. आणि पिन घातलीये एवढंच कॉम्प्युटरला भोकातल्या बारक्या स्विचवरनं कळतं, वायर आतनं तुटली का नाही ते त्याला कळत नाही, तो आपला खुशाल दाखवतो की स्पीकर जोडलेत.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या घरी तर वेगळंच निघालं, गाणी छान वाजायची पण सिनेमा लावला की संगीत येतंय, दारं आपटल्याचे आवाज येतायत, माणसं मात्र नुसती तोंडं हलवतायत. त्यांच्या पोरानं सेटिंगमधे फाईव्ह पॉइंट वन, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर, निवडलं होतं, जास्त म्हणजे चांगलं असं समजून. सिनेमातले संवाद असतात मधल्या स्पीकरला, आणि तो मधला स्पीकर घरात नाहीच. टू पॉइंट वनला सेटिंग स्टिरिओच ठेवायचं, वूफरला वेगळं काही सांगावं लागत नाही, खालचा आवाज तो आपल्या खोक्यातच गाळून घेतो.

सरकारचंही थोडं. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक खात्यानं राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीचा हक्क, म्हणून समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनाला, त्याचं पोर्टलही सुरू झालं, मोठ्या कंपन्यांनी स्पेअर पार्टची आणि दुरुस्तीची माहिती तिथं द्यावी म्हणून. चांगलं आहे, मी उघडून बघितलं. पण माझ्या तेरा वर्षांच्या खोक्याची वायर कुठं बदलायची हे कुठलं पोर्टल सांगणार, ते बोळातला मामाच सांगणार. वॉरंटीतली वस्तू असेल आणि कंपनी दाद देत नसेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, तो मात्र जरूर छापा, लोकांना माहीत नसतो.

मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला बाबा मी आधी आउटपुटच बघायला सांगायला पाहिजे होतं, आणि मग म्हणाला पण मॉनिटर मस्त आहे ना. मस्त आहे, अक्षरं मोठी दिसतात.

पत्र छापलंत तर खाली नाव घालू नका, नुसतं "एक वाचक, मिरज" एवढंच ठेवा. ज्या दुकानातनं परत आलो ते आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे, आणि घरातले बल्ब, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाईलचं रिचार्ज, सगळं मी अजून तिथनंच घेतो.

आपला,
एक वाचक, मिरज